कुंडीखालची सुरेखा

पावसाळा सरून नवरात्र जवळ आलं की घराघरांतून एकच गडबड उडते. माळे झाडायचे, पितळेचे डबे घासायचे, गाद्या उन्हात टाकायच्या आणि शेवटी अंगणातल्या नाहीतर गच्चीतल्या कुंड्या हलवून खालची ओल, शेवाळ खरवडून काढायचं. अशी एखादी जड कुंडी तुम्ही दोन्ही हातांनी कलती करता आणि खालून काहीतरी काळं, चकचकीत, तुरुतुरु पळत सुटतं. मुंगी म्हणावी तर पाय जास्त, झुरळ म्हणावं तर मिशा नाहीत. हातातली केरसुणी आपोआप खाली येते. "कोळी होता मेला!" असं म्हणून आपण पुढच्या कुंडीकडे वळतो.

मैत्रिणींनो, तो 'मेला' नसून 'मेली' असण्याचीच शक्यता बरीच. कुंडीखाली, विटेखाली, दगडाखाली घर करून राहणारी ही कोळीण आहे. तिला शास्त्रात स्वतःचं नाव आहे, आडनाव आहे. तिच्या पायांत चक्क फणी आहे. आणि तिच्या काही बहिणींची नावं ऐकलीत तर तुम्हांला वाटेल, आपल्याच भिशीतल्या बायकांची हजेरी चालली आहे!

आज तिचीच ओळख करून घेऊ या. नुसती गंमत म्हणून नव्हे. कोळ्याविषयीची एक जुनी समजूत आपल्याकडे पक्की रुजली आहे आणि ती कधीकधी घरच्या माणसाच्या डोळ्यांवर बेतते. ओळख झाली की ती समजूतही सुटेल.

जळमटं तिची नव्हेत

कोळी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जळमटं येतात. पण सगळेच कोळी जाळं विणत नाहीत, हे पुष्कळ जणींना ठाऊक नसतं. छताच्या कोपऱ्यात, कपाटामागे धुळकट जाळी करतात ते लांब लांब काटकुळ्या पायांचे कोळी वेगळे. भिंतीवर टुणकन उडी मारून माशी पकडणारा बुटका कोळी वेगळा. न्हाणीघराच्या भिंतीवर रात्री हातभर अंतरावर दिसून काळजाचा ठोका चुकवणारा मोठा, चपटा, तपकिरी कोळी तोही वेगळा. त्याची मादी अंड्यांची पांढरी चकती पोटाखाली धरून हिंडते. तिचं आवडतं खाणं म्हणजे झुरळ, हेही लक्षात असू द्या.

आपली कुंडीखालची कोळीण यांच्यापैकी नाही. ती जमिनीवरच्या कोळ्यांच्या कुळातली. या कुळाला शास्त्रज्ञ 'नॅफोसिडी' म्हणतात. जगभरात त्याच्या दोन हजारांहून अधिक जाती आहेत. दिवसा दगडाखाली, पालापाचोळ्यात, सालीच्या भेगेत रेशमाची छोटी पिशवी करून तीत स्वस्थ पडून राहायचं, आणि अंधार पडला की भक्ष्याच्या शोधात पायी निघायचं, ही यांची रीत. जाळं लावून वाट पाहत बसणं यांच्या स्वभावातच नाही.

हे कूळ ओळखण्याची एक सोपी खूण आहे. कोळ्याच्या पोटाच्या शेवटी, जिथून रेशीम निघतं तिथे, बारीक नळकांडी असतात. पुष्कळशा कोळ्यांत ती एकमेकींना चिकटलेली, आत दडलेली असतात. या कुळात त्यांतली पुढची दोन लांबट, एकमेकींपासून जरा दूर आणि मागे डोकावणारी दिसतात. घरातलं भिंग घेऊन पाहिलंत तर सहज दिसतील. अर्थात ती पळायची थांबली तर!

आडनाव झेलोटिस

या कुळात एक मोठं घराणं आहे, 'झेलोटिस' नावाचं. शास्त्रात याला प्रजाती म्हणतात. १८४८ मध्ये गिस्टल या जर्मन निसर्गशास्त्रज्ञानं हे नाव दिलं. हा मूळचा ग्रीक शब्द, अर्थ साधारण 'हिरिरीनं काम करणारा'. एकदा ती पळताना पाहिलीत की नाव पटतं. या एका प्रजातीत जगभर मिळून चारशेच्या आसपास जाती आहेत. अंग साधारण तांदळाच्या दाण्याएवढं, रंग काळा किंवा काळपट तपकिरी, वर तेल लावून पुसल्यासारखी चकाकी. अंगावर नक्षी नाही, पट्टे नाहीत, ठिपके नाहीत. अगदी साध्या काळ्या लुगड्यातली बाई.

आणि इथेच शास्त्रज्ञांची पंचाईत होते. चारशे जणी, सगळ्या काळ्या, सगळ्या एकाच अंगलटीच्या! मग ओळखायचं कसं? वरवर पाहून ते शक्यच नसतं. सूक्ष्मदर्शकाखाली मादीच्या पोटाच्या खालच्या बाजूला एक इवलीशी कडक चकती दिसते. तिच्या कडा, खाचा आणि वळणं प्रत्येक जातीत निराळी असतात. नराच्या तोंडाजवळच्या दोन आखूड पायांची टोकंही तशीच जातीजातीत निराळी. कुलूप आणि किल्ली म्हणा ना! त्या चकतीचं काळजीपूर्वक चित्र काढायचं, आधीच्या सगळ्या चित्रांशी ताडून पाहायचं, आणि कुणाशीच जुळलं नाही तर म्हणायचं, ही नवी जात. तो पहिला नमुना स्पिरिटच्या बाटलीत, चिठ्ठीसकट, कायमचा जपून ठेवायचा. पुढे शंका आली तर पुन्हा त्याच बाटलीपाशी यायचं.

वाटाण्याच्या शेंगा सोलण्याइतकंच धीराचं काम हे, पण आयुष्यभर चालणारं.

हजेरीपटावरच्या बायका

हे काम आपल्या महाराष्ट्रात बसूनही झालं आहे. पुण्यातल्या भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या केंद्रात डॉ. बी. के. टिकादर यांनी भारतातल्या कोळ्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. पुढे ते याच संस्थेचे संचालक झाले. 'फॉना ऑफ इंडिया' या ग्रंथमालेत १९८२ मध्ये निघालेल्या त्यांच्या खंडाचा एक मोठा भाग जमिनीवरच्या याच कोळ्यांना वाहिलेला आहे. १९८७ मध्ये भारतीय कोळ्यांवरचं त्यांचं हँडबुक आलं. कोळी ओळखायला शिकणारी मंडळी ते हाताशी ठेवू लागली.

टिकादर आणि त्यांचे सहकारी यू. ए. गजबे यांनी १९७६ मध्ये झेलोटिसच्या काही नव्या जाती प्रसिद्ध केल्या. त्यांत एक 'झेलोटिस पूनाएन्सिस', म्हणजे पुण्याची. एक 'झेलोटिस नासिकेन्सिस', म्हणजे नाशिकची. पुढे १९७९ मध्ये 'झेलोटिस साताराएन्सिस' आली, म्हणजे साताऱ्याची. आपल्या गावाचं नाव एका कोळिणीला मिळालं आहे, हे त्या गावच्या किती लेकी-सुनांना माहीत असेल?

आता खरी मौज ऐका. याच यादीत १९७६ ची 'झेलोटिस आशाए' आहे आणि 'झेलोटिस सुरेखाए' आहे. १९७९ ची 'नलिनिआए' आहे, 'मंदाए' आहे. १९८२ च्या ग्रंथात 'कुसुमाए' आणि 'शांताए' आहेत. लॅटिनचा नियम असा की एखाद्या पुरुषाचं नाव जातीला द्यायचं तर शेवटी 'इ' लावायचा आणि बाईचं द्यायचं तर 'ए'. म्हणजे आशा, सुरेखा, नलिनी, मंदा, कुसुम आणि शांता या सहा बायकांची नावं कोळिणींच्या रूपानं जगाच्या शास्त्रीय दप्तरात कायमची नोंदली गेली आहेत. लंडनचा शास्त्रज्ञ असो की टोकियोचा, सुरेखाचं नाव त्याला सुरेखा म्हणूनच लिहावं लागतं.

आणखी एक गोष्ट आपणां बायकांना फार भावेल. शास्त्रीय नावात आधी आडनाव येतं, मग नाव. मतदारयादीत असतं तसंच. अभ्यास पुढे गेला की कधीकधी लक्षात येतं, अमुक जात या प्रजातीतली नव्हे, दुसऱ्या प्रजातीतली आहे. मग तिचं आडनाव बदलतं. लग्न झालं म्हणा! पण नाव मात्र बदलता येत नाही. पहिल्यांदा ठेवलेलं नाव तेच खरं, असा नियम आहे. फार तर नव्या आडनावाशी जुळण्यासाठी शेवटचं एखादं अक्षर फिरतं. आडनाव बदललंच तर मूळ नाव ठेवणाऱ्या शास्त्रज्ञाचं नाव कंसात लिहितात. सासरी गेल्यावरही माहेरची खूण कंसात शाबूत! उंबरठा ओलांडताच पाळण्यातलं नाव तांदळाच्या ताटात पुसून टाकण्याची रीत आपल्याकडे होती. शास्त्रानं कोळिणीला मात्र त्यातून सूट दिली आहे.

तेव्हा तुमच्या कुंडीखालून पळाली ती सुरेखाच होती की शांता, की भलतीच कुणी, हे सूक्ष्मदर्शकावाचून कुणीच सांगू शकणार नाही. पण ती नुसता 'एक कोळी' नव्हती, एवढं तर कळलं ना?

पायांत फणी, डोळ्यांत होकायंत्र

आता तिचा संसार पाहू. झेलोटिस आणि तिच्या जवळच्या भाऊबंदांच्या मागच्या चार पायांवर, टोकाजवळ, ताठ केसांची एक बारीक ओळ असते. ही तिची फणी. इतर कोळ्यांपासून हे घराणं वेगळं काढताना शास्त्रज्ञ आधी ही फणीच शोधतात. तिनं अंगावरची लव, पायांवरचे केस विंचरून ती साफ ठेवते. कोळी म्हणजे घाण, असं आपण समजतो. पण मातीत राहणाऱ्या या बाईला स्वच्छतेची केवढी आवड! अंगावरच्या केसांनीच तिला वाऱ्याची झुळूक कळते, भक्ष्याची हालचाल कळते. त्यांवर धूळ बसून चालणार कसं?

डोळे आठ, दोन ओळींत. त्यांतल्या मागच्या ओळीतले मधले दोन डोळे या कुळात बहुधा वाकडे, लांबट आणि रुपेरी झाक असलेले दिसतात. ते कशासाठी? १९९९ मध्ये याच कुळातल्या 'ड्रॅसोडेस' नावाच्या चुलत घराण्यावरचं एक संशोधन प्रसिद्ध झालं. त्यात आढळलं, की सूर्य मावळल्यानंतर आकाशात जो मंद उजेड रेंगाळतो, त्याच्या लहरींची दिशा या रुपेरी डोळ्यांना कळते आणि त्यावरून कोळी आपल्या घराची वाट ओळखतो. या डोळ्यांनी चित्र दिसत नाही, नुसती दिशा कळते. संध्याकाळी बाहेर पडायचं आणि शिकार आटोपून बरोबर आपल्याच दगडाखाली परतायचं, त्यासाठी निसर्गानं दिलेलं हे होकायंत्र.

चिकटपट्टीची शिकार

जाळं नाही, मग शिकार कशी? पळत जाऊन झडप घालायची, हा साधा मार्ग. किडा लहान असेल तर तेवढ्यानं भागतं. पण समोरचं भक्ष्य आपल्याएवढंच, दंश करणारं, म्हणजे दुसरा कोळीच असेल तर? तिथे या कुळातले काही कोळी मोठी हुशारी दाखवतात. ते भक्ष्याभोवती गरकन फिरतात आणि त्या लांबट नळकांड्यांतून ओलसर चिकट धागा सोडून त्याचे पाय आणि तोंड एकमेकांना चिकटवून टाकतात. आपण पार्सलाला चिकटपट्टी गुंडाळतो ना, हुबेहूब तसं. २०१७ मध्ये शास्त्रज्ञांनी हे बारकाईनं तपासलं. बाकीचे कोळी ज्या चिकट रेशमानं आपले धागे भिंतीला नुसते डकवतात, तेच रेशीम यांनी हत्यार म्हणून वापरायला घेतलं आहे. घरातली एकच वस्तू दहा कामांना वापरणारी बाई आपल्याला काही नवी नाही.

दगडाखालचं बाळंतपण

या कुळातली मादी दगडाच्या किंवा विटेच्या खालच्या बाजूला अंड्यांचा कोष करते. झेलोटिसचा कोष चपटा, कागदासारखा पातळ पण चिवट असतो. एखाद्या दगडाच्या पोटाला शिरापुडीच्या कागदाचा तुकडा चिकटावा तसा तो दिसतो. कुंडी उलटी केल्यावर तळाला अशी चकती दिसली, तर ती बुरशी समजून खरवडू नका. आत बाळंतिणीचा सगळा ऐवज आहे. पिल्लं आतच अंड्यातून निघतात, आतच पहिली कात टाकतात आणि मगच बाहेरच्या जगात पाऊल ठेवतात. या कुळातल्या पुष्कळ माद्या तोवर कोषाजवळच ठाण मांडून बसतात. काही तर कोषासकट स्वतःलाही रेशमाच्या खोलीत कोंडून घेतात.

नवरेही काही कमी मजेशीर नाहीत. ड्रॅसोडेस घराण्यातल्या एका जातीत नर वयात न आलेल्या मादीच्या रेशमी खोलीत आधीच मुक्काम ठोकतो, आणि तिनं शेवटची कात टाकली की लगेच घरोबा करतो. लग्नाआधीच घरजावई!

"अंगावरून कोळी गेला"

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, "सगळं खरं, पण कोळी अंगावर मुतला की फोड येतात त्याचं काय?"

मैत्रिणींनो, मुख्य मुद्दा हाच. आपल्याकडे कपाळावर, मानेवर, बरगडीवर एकाएकी पाण्यानं भरलेले फोड उठले की घरातली वडीलधारी माणसं ठामपणे सांगतात, "अंगावरून कोळी गेला," नाहीतर "कोळी मुतला." मग गेरूचा लेप लागतो, कुणाकडून तरी उतरवून घेतलं जातं आणि दोन-चार दिवस सहज निघून जातात. नेमके तेच दिवस मोलाचे असतात.

कोळी आपल्यासारखी पातळ लघवी करत नाही. शरीरातली घाण तो पांढरट, घट्टसर थेंबाच्या रूपानं टाकतो. त्यानं कातडीवर फोड येत नाहीत. बहुतेक सगळ्याच कोळ्यांना थोडंफार वीष असतं, पण ते सुळ्यांत असतं. चालताना पायांतून ते सांडत नाही. आपल्या झेलोटिसचं तर माणसाला घातक म्हणून नावही कुठे घेतलं जात नाही.

मग हे फोड कशाचे? बहुधा दोन कारणं असतात.

पहिलं, नागीण. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की त्यांचे विषाणू अंगातल्या नसांमध्ये निजून राहतात. वय वाढलं, शरीराची ताकद कमी झाली, एखादा मोठा आजार झाला की ते जागे होतात. आधी एका बाजूला आग होते, ठणका लागतो. मग दोन-तीन दिवसांत त्याच बाजूला पट्ट्यासारखे फोड उठतात. फोड शरीराच्या एकाच बाजूला असणं ही नागिणीची खूण. "नागिणीची दोन टोकं जुळली की माणूस दगावतो" ही तर निव्वळ भीती. या आजारावर विषाणूविरोधी गोळ्या आहेत, पण फोड उठल्यापासून बहात्तर तासांच्या आत त्या सुरू केल्या तर त्यांचा उपयोग सर्वांत चांगला होतो. उशीर झाला की फोड वाळूनही महिनोन्‌महिने ठणका राहू शकतो, विशेषतः वृद्धांना. आणि फोड कपाळावर, पापणीवर किंवा नाकाच्या शेंड्यावर असतील, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. अशा वेळी डोळ्याला इजा होऊ शकते, दृष्टीही जाऊ शकते. नागिणीवर आता लसही निघाली आहे. घरात पन्नाशीपुढची माणसं असतील तर डॉक्टरांना तिच्याविषयी जरूर विचारा.

दुसरं कारण पावसाळ्यातलं. नारिंगी आणि काळ्या पट्ट्यांचा, मुंगीसारखा लांबट, बारीक भुंगेरा दिव्याभोवती येतो. तो चावत नाही, पण झोपेत मानेवर किंवा हातावर चिरडला गेला की त्याच्या अंगातला दाहक रस कातडीला लागतो. साधारण दिवसाभरानं तिथे चाबकाचा वळ उठावा तशी लाल रेघ उमटते, फोड येतात, आग होते. सकाळी उठून पाहावं तर भुंगेरा कुठेच नाही, आणि भिंतीवर बिचारा कोळी बसलेला. आळ कुणावर येणार ते उघडच आहे! असा किडा अंगावर दिसला तर तो मारू नका. फुंकर मारून किंवा कागदावर घेऊन दूर करा. चिरडलाच गेला तर ती जागा लगेच साबणानं आणि भरपूर पाण्यानं धुवा, आणि तो हात डोळ्याला लावू नका.

म्हणून फोड उठले की कोळ्याचं नाव घेऊन स्वस्थ बसू नका. सासूबाईंना वाईट वाटेल म्हणून गप्पही बसू नका. लेप हवा तर लावा म्हणावं, पण डॉक्टरांकडे जाऊन आल्यावर, आणि त्यांना विचारूनच.

दगडाखालचा खरा वैरी

दगडाखाली हात घालताना भ्यायचंच असेल तर कोळ्याला नव्हे, विंचवाला भ्या. विंचू हा कोळ्याचाच आठ पायांचा लांबचा नातेवाईक. कोकणात आणि महाराष्ट्राच्या इतर भागांतही आढळणारा लाल विंचू लहान मुलांच्या जिवावर उठतो. त्याच्या दंशानं हृदयावर परिणाम होतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला. त्यामुळे पुष्कळांचे प्राण वाचले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. विंचू चावून घाम फुटला, उलट्या होऊ लागल्या, हातपाय गार पडले, तर मंत्र-तंत्रात एक क्षणही न घालवता रुग्णालय गाठा. लहान मुलाला विंचू चावला असेल, तर अशी लक्षणं दिसण्याचीही वाट पाहू नका.

घरासाठी एवढं करा

कुंडी, वीट, लाकडाचा ओंडका हलवताना तो आपल्यापासून दूर झुकवू नका. पलीकडची कड आधी उचलून तो आपल्याकडे कलता करा. खाली आधी काठी फिरवा, मगच हात घाला. अंगणात पडून राहिलेले बूट-चपला घालण्याआधी झटकून घ्या.

कोळी घरात शिरलाच तर त्याच्यावर पेला पालथा घाला. जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद खालून सरकवा आणि तसाच उचलून बागेत सोडा. लग्नपत्रिकेचा इतका चांगला उपयोग दुसरा नाही! लहान मुलांना दाखवायचा असेल तर पारदर्शक पेला घ्या. आठ पाय मोजू द्या, मागची नळकांडी शोधू द्या, मग सोडून द्या.

छताची जळमटं खुशाल काढा. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या झाडूनं काढलीत तर धूळ खाली उडत नाही. मात्र कोळी मारण्यासाठी घरभर विषारी फवारा मारू नका. तो आधी स्वयंपाकघरातल्या भांड्यांवर बसतो आणि रांगत्या मुलाच्या हाताला लागतो. घरात कोळी फार झाले असतील तर समजा, त्यांचं खाणं फार झालं आहे. रात्री खरकटी भांडी तशीच ठेवू नका, मोरीच्या जाळ्या साफ ठेवा, दाराबाहेरचा दिवा विनाकारण जळू देऊ नका. दिव्याकडे येणारे किडे कमी झाले की त्यांच्यामागून येणारे कोळीही आपोआप कमी होतात. त्या नारिंगी भुंगेऱ्याचाही त्रास घटतो.

बागेत दोन-चार दगड मुद्दाम हलवू नका, पडलेले तसेच राहू द्या. उचलला तर जसा होता तसाच अलगद परत ठेवा. दिवसा तिथे झोपलेली ती काळी बाई रात्री तुमच्याच बागेतले किडे टिपणार आहे, आणि त्याचा पगारही मागणार नाही.

२०२२ मध्ये जगात नोंदलेल्या कोळ्यांच्या जातींचा आकडा पन्नास हजारांवर गेला. त्यांतल्या दीड हजारांहून अधिक आपल्या देशातल्या. त्यांत आशा आहे, नलिनी आहे, शांता आहे, पुण्याची, नाशिकची, साताऱ्याची आहे. कुठल्याही बाईला विनाकारण दोष लागला तर आपण तिच्या बाजूनं उभ्या राहतो ना? मग हिच्याही बाजूनं दोन शब्द बोला. यापुढे घरात कुणी म्हणालं, "अंगावरून कोळी गेला," तर सांगा, "कोळ्याला राहू द्या, आधी डॉक्टरांना दाखवू."